नंबर लागणे आणि हुशारी ओळखणे : खान्देशातील पालकांसाठी प्रवेशचाचण्यांचे मार्गदर्शन

पाचवीचा वर्ग सुरू होऊन महिना होतो न होतो, तोच शाळेच्या ओट्यावर बसलेले पालक एकच प्रश्न विचारू लागतात : "गुरुजी, आमच्या पोराचा नवोदयला नंबर लागेल का?" (नवोदय म्हणजे केंद्र शासनाची सहावीपासूनची निवासी शाळा.) चोपडा आणि यावल तालुक्यांतील जिल्हा परिषद शाळांत नोकरी करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातील 'नंबर लागणे' या शब्दांकडे माझे पुष्कळ वर्षे लक्षच गेले नव्हते. नंबर लागणे म्हणजे निवड होणे, आणि निवड ही उपलब्ध जागांवर अवलंबून असते. मूल असाधारण बुद्धीचे आहे की नाही हे ठरवणे म्हणजे ओळख, आणि तिचा जागांशी संबंध नसतो. नवोदय, शिष्यवृत्ती, विद्यानिकेतन, एकलव्य यांच्या परीक्षा निवडीसाठी आहेत, तर मानसशास्त्रज्ञाने एका मुलाला समोर बसवून घेतलेली चाचणी ओळखीसाठी असते. या दोन्हींची गल्लत झाली की निवड न झालेले मूल घरात 'ढ' ठरते आणि निवड झालेल्याकडून सगळ्याच विषयांत चमत्काराची अपेक्षा होऊ लागते. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर आपण यांपैकी कोणते काम करतो आहोत, हे पालकांनी आधी ठरवावे.

पहिली पायरी : कोणते दार ठोठावायचे ते ठरवणे

खान्देशातील खेड्यापाड्यांतील मुलांसाठी सर्वांत परिचित दार जवाहर नवोदय विद्यालयाचे आहे. ही योजना १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून उभी राहिली आणि तिची पहिली दोन विद्यालये हरियाणातील झज्जर आणि आपल्या महाराष्ट्रातील अमरावती येथे सुरू झाली. जळगाव जिल्ह्याचे नवोदय भुसावळजवळ साकेगावला आहे. सहावीला एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात. राहणे, जेवण, गणवेश आणि पुस्तके मोफत असतात.

धुळ्याला शासकीय विद्यानिकेतन, म्हणजे राज्य शासनाची निवासी शाळा आहे. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी मुलांसाठी एकलव्य निवासी शाळा आहेत आणि त्यांचीही प्रवेशपरीक्षा असते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा प्रवेश देणारी नाही, ती गुणवत्ता यादी लावणारी आहे. तरीही गुरुजी मुलाची बौद्धिक उंची पाहू लागतात ते बहुधा तिच्याच तयारीत. खास बुद्धिमान मुलांसाठीच काढलेली शाळा पाहायची असेल, तर पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीकडे पाहावे लागते. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली उभ्या केलेल्या या संस्थेने पाचवीच्या प्रवेशासाठी मानसशास्त्रीय चाचण्यांचा पाया घेतला आणि त्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानाचा अभ्यास केला. आपल्याकडून पुणे दूर आहे हे खरे, परंतु केवळ गुणपत्रिका न पाहता बुद्धीचे वेगवेगळे पैलू तपासणारी प्रवेशपद्धती मराठी मुलुखात अनेक दशके चालू आहे, हे पालकांना ठाऊक असावे.

दुसरी पायरी : वय, गाव आणि कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण मी पाहिलेले निम्मे अपयश येथेच होते, परीक्षेच्या खोलीत नव्हे.

नवोदयसाठी जन्मतारखेची चौकट ठरलेली असते. उदाहरणार्थ, २०२६-२७ च्या प्रवेशासाठी जन्म १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ या काळातील असणे आवश्यक होते. दरवर्षी ही चौकट एकेका वर्षाने पुढे सरकते. मूल ज्या जिल्ह्यात पाचवी शिकते, त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी ते बसू शकते, आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असून त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत झालेली असावी लागतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी शाळेच्या पटावर नाव असेल, तरी मूल शहरी गणले जाते. एकूण जागांपैकी किमान एकतृतीयांश मुलींसाठी असतात.

खान्देशात या नियमाचा फटका कोणाला बसतो, हे सांगितले पाहिजे. कामासाठी सुरतेला गेलेली कुटुंबे, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आणि 'शिकायला बरे' म्हणून मुलाला तिसरीत वर्षभर जळगावला मामाकडे ठेवणारी कुटुंबे यांच्या मुलांचा ग्रामीण दावा नकळत जातो. मामाकडे पाठवण्यापूर्वी कोणीही हा विचार करत नाही, आणि करावा अशी अपेक्षाही चुकीची आहे. परंतु चौथीत असतानाच शाळेच्या जनरल रजिस्टरवरून तिन्ही वर्षांच्या नोंदी तपासून घेतल्या, तर निदान अर्ज कोणत्या गटातून भरायचा हे कळते. आधार कार्डावरील आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव व जन्मतारीख एक आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे. आमच्या केंद्रातील एका मुलीची निवड झाली होती, पण दाखल्यावर 'सोनाली' आणि आधारवर 'सोनल' होते, आणि कागदपत्रांच्या पडताळणीच्या आठवड्यात तिच्या वडिलांना कापूस वेचणीचे दिवस मोडून तालुक्याच्या तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

तिसरी पायरी : प्रश्नपत्रिका नेमके काय मोजते ते समजून घेणे

नवोदयच्या निवड चाचणीत ८० प्रश्न, १०० गुण आणि दोन तासांचा वेळ असतो. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न ५० गुणांचे, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांचे आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांचे असतात. पहिल्या विभागासाठी साधारण एक तास आणि उरलेल्या दोन्हींसाठी प्रत्येकी अर्धा तास असा हिशेब सुचवलेला असतो. प्रत्येक बरोबर उत्तराला सव्वा गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवण्याचे कारण नाही. प्रश्नपत्रिका मराठीत मिळते. माध्यम अर्ज भरतानाच निवडायचे असते.

अर्धे गुण ज्या मानसिक क्षमतेला आहेत, त्या विभागात वाचन जवळजवळ नाहीच. त्यात सगळ्या आकृत्या असतात : वेगळी आकृती शोधणे, तशीच आकृती ओळखणे, नक्षीचा सुटलेला तुकडा निवडणे, मालिका पुढे नेणे, आकृत्यांमधील संबंध लावणे, तुकडे जोडून त्रिकोण, चौरस किंवा वर्तुळ पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद, अवकाशाची कल्पना आणि लपलेली आकृती. या दहा प्रकारांचे प्रत्येकी चार प्रश्न असतात. हा विभाग भाषेवर अवलंबून राहू नये अशा बेताने रचलेला असल्यामुळे पावरा बोलणाऱ्या धडगावच्या मुलाला आणि मराठी बोलणाऱ्या चाळीसगावच्या मुलाला येथे बऱ्यापैकी समान संधी मिळते.

घडीच्या कागदाचा प्रकार कसा शिकवावा, याचे एक उदाहरण देतो. चौरस कागदाची उजवी बाजू डावीवर घडी घाला, मग खालची बाजू वरच्या बाजूवर घाला. आता चार पदरांचा लहान चौरस हातात येतो, त्याचा उजवीकडील खालचा कोपरा बंद असतो आणि डावीकडील वरचा कोपरा सगळ्या बाजूंनी सुटा असतो. बंद कोपऱ्याजवळ पंचाने एक छिद्र पाडून कागद उलगडला, तर चार छिद्रे कागदाच्या मध्याभोवती दिसतात. सुट्या कोपऱ्याजवळ पाडले, तर तीच चार छिद्रे कागदाच्या चार कोपऱ्यांत जातात. गाइडमध्ये या प्रश्नांची उत्तरे पाठ करून घेणारे क्लास मी पाहिले आहेत. त्याऐवजी पंधरा दिवस रोज पाच कागद मुलाच्या हातात द्यावेत, छिद्र पाडण्याआधी 'उलगडल्यावर कसे दिसेल' ते त्याच्याकडून वहीत काढून घ्यावे आणि मगच कागद उलगडू द्यावा. बंद कोपरा म्हणजे मूळ कागदाचा मध्य, हे एकदा हाताला कळले की डोळ्यांनाही कळते, आणि मग परीक्षेत कागद नसला तरी चालते. आरशाच्या प्रश्नांसाठी घरातील दाढीचा आरसा पुरेसा आहे.

अंकगणितात लसावि-मसावि, अपूर्णांक, नफा-तोटा, क्षेत्रफळ आणि परिमिती असे पाचवीच्या आसपासचेच घटक असतात. भाषेच्या विभागात चार उतारे असतात आणि प्रत्येकावर पाच प्रश्न विचारलेले असतात. भाषेची तयारी शेवटच्या महिन्यात होत नाही. ज्या घरात रोज एक पान मोठ्याने वाचले जाते, त्या घरातील मुलाला हे २५ गुण फारसे जड जात नाहीत.

शिष्यवृत्ती परीक्षेची रचना वेगळी आहे. तिच्यात दीड तासाचे दोन पेपर असून प्रत्येक पेपर १५० गुणांचा आहे. पहिल्यात प्रथम भाषेचे ५० आणि गणिताचे १०० गुण, दुसऱ्यात तृतीय भाषेचे ५० आणि बुद्धिमत्ता चाचणीचे १०० गुण असतात. ३०० पैकी २०० गुण गणित आणि बुद्धिमत्तेला असल्यामुळे तिची तयारी नवोदयलाही उपयोगी पडते, मात्र तिची बुद्धिमत्ता चाचणी शब्द, अक्षरे, अंक आणि तर्क यांवर बरीच अवलंबून असते. ही परीक्षा कोणत्या इयत्तेत होते याबाबत मात्र जागरूक राहावे. पूर्वी ती चौथी आणि सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये शासनाने पुन्हा चौथी व सातवीकडे वळण्याचा निर्णय घेतला. मोठ्या भावाच्या अनुभवावरून धाकट्याचे वर्ष ठरवू नये.

चौथी पायरी : समोरासमोरची बुद्धिचाचणी

ओळख पटवण्याचे खरे साधन हे आहे, आणि आपल्या भागात त्याच्याविषयीच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. बोटांचे ठसे घेऊन 'मेंदूचा नकाशा' काढून देणाऱ्यांचा या साधनाशी काही संबंध नाही. त्यांना पैसे देऊ नयेत.

बुद्धिचाचणीचा उगम पॅरिसमध्ये १९०५ साली झाला. आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमोन यांनी ती बनवली ती हुशार मुले निवडण्यासाठी नव्हे, तर शाळेत ज्यांना जादा मदत लागेल अशी मुले शोधण्यासाठी. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. 'बिने-कामत' या नावाने ती आजही अनेक मानसशास्त्रज्ञांच्या कपाटात असते. नागपूरला मालिन यांनी भारतीय मुलांसाठी तयार केलेल्या चाचणीत सहा शाब्दिक आणि पाच कृतींच्या उपचाचण्या आहेत. रेव्हनच्या चाचणीत केवळ आकृत्यांची जाळी असते आणि सुटलेला तुकडा निवडायचा असतो.

खोलीत काय घडते, हे मुलाला आधी सांगावे. एक बाई किंवा गृहस्थ टेबलासमोर बसतात, काही अंक वाचून दाखवतात आणि ते तसेच, मग उलट्या क्रमाने म्हणायला सांगतात. लाल-पांढरे ठोकळे देऊन चित्राप्रमाणे नक्षी मांडायला सांगतात. दोन गोष्टींत सारखेपणा काय आहे ते विचारतात. प्रश्न कठीण होत जातात आणि शेवटचे प्रश्न जवळजवळ कोणालाच येत नाहीत. हे ठाऊक नसलेले मूल पहिल्या चुकीला रडवेले होते. याउलट, चाचणीतील प्रश्न आधी मिळवून मुलाकडून घोटून घेणे हा स्वतःचीच फसवणूक करण्याचा मार्ग आहे, कारण मग आकडा वाढतो आणि माहिती मात्र शून्य मिळते.

अहवाल हातात आल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, कोणती चाचणी वापरली आणि तिचे मानक, म्हणजे तुलनेसाठी धरलेले इतर मुलांचे गुण, कोणत्या काळातील आहेत. पिढीगणिक चाचण्यांवरील गुण वाढत जातात, त्यामुळे फार जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यंक फुगलेला दिसतो. दुसरी, आकड्याची पट्टी कोणती. बहुतेक आधुनिक चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरतात त्याचे माप) १५ धरतात, म्हणून १३० म्हणजे शंभरांतील वरची साधारण दोन मुले. तिसरी, चुकीची मर्यादा किती. १२७ आणि १३१ यांत तुलना करून भावंडांत भांडण लावणाऱ्या पालकांनी हे समजून घ्यावे की एकाच मुलाची चाचणी पुन्हा घेतली, तर चार-पाच गुणांचा फरक सहज पडू शकतो. शाब्दिक आणि कृतींच्या भागांत मोठी तफावत असेल, तर एकत्रित आकड्यापेक्षा त्या तफावतीबद्दलच मानसशास्त्रज्ञाशी अधिक बोलावे.

या तफावतीचे आपल्याकडील एक कारण अहिराणी आहे. एका मुलाच्या चाचणीच्या वेळी मी शेजारच्या खोलीत होतो. नात्यांचा प्रश्न आला आणि मुलगा गप्प बसला. बाहेर आल्यावर त्याच्या आजीने त्याला सहज विचारले, "तुनी मायनी आंडेर तुनी कोन?" तो लगेच म्हणाला, "बहीन." नाते त्याला ठाऊक होते, 'मुलगी' हा शब्द चाचणीच्या खोलीत त्याला परका झाला होता. म्हणून घरात अहिराणी, पावरी, लेवा किंवा भिली बोलली जात असेल, तर ते मानसशास्त्रज्ञाला आधी सांगावे आणि आकृत्यांवर आधारलेली चाचणीही घेण्याची विनंती करावी.

पाचवी पायरी : वर्गातील निरीक्षण आणि वही

अमेरिकेत अनेक ठिकाणी असे आढळले की शिक्षकांनी किंवा पालकांनी नाव सुचवलेल्या मुलांचीच चाचणी घेतली, तर गरीब घरांतील मुले मागे राहतात. फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीने २००५ पासून दुसरीतील सगळ्याच मुलांची प्राथमिक चाळणी सुरू केली, तेव्हा अशा घरांतील बुद्धिमान मुलांची नोंद लक्षणीय वाढली. आमच्या वर्गांतही शिक्षक ज्याला हुशार म्हणतात, तो बहुधा स्वच्छ अक्षराचा, गृहपाठ पूर्ण करणारा आणि लगेच हात वर करणारा असतो. संशोधक रेंझुली यांनी १९७८ मध्ये मांडले की असाधारण कामगिरीत सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि कामाला चिकटून राहण्याची वृत्ती या तिन्ही एकत्र येतात. यांतील दुसरी आणि तिसरी गोष्ट दोन तासांच्या कोणत्याही परीक्षेत दिसत नाही.

ती दिसावी म्हणून शंभर पानी वही घालावी आणि 'हुशार आहे' असे न लिहिता घडलेला प्रसंग तारखेसह लिहावा. माझ्या वहीतील एक नोंद अशी आहे. फळ्यावर गणित होते : केळीच्या घडाला ९ फण्या, प्रत्येक फणीला १४ केळी, त्यांतील एकषष्ठांश खराब, चांगली किती? सगळ्यांनी ९ गुणिले १४ म्हणजे १२६, त्याचा सहावा भाग २१, उरली १०५ असे सोडवले. मागच्या बाकावरील एका मुलाने वहीत फक्त '१०५' लिहिले. कसे आले म्हणून विचारल्यावर तो म्हणाला, "नऊ फण्यांतली दीड फणी गेली. साडेसात राहिल्या. साडेसात चौदे पाचोत्तरशे." सहामाहीच्या पेपरात त्याला अशाच एका उत्तरासाठी 'पायऱ्या नाहीत' म्हणून गुण मिळाले नव्हते, आणि पेपर तपासणारा मीच होतो.

वहीत मुलाने विचारलेले प्रश्न, स्वतःहून केलेली मोडतोड आणि जोडणी, न कंटाळता लावून धरलेली कामे आणि ज्यांत त्याला रस नाही त्या गोष्टीही लिहाव्यात. वर्षभरात वीस-पंचवीस नोंदी झाल्या तरी पुरे.

सहावी पायरी : परीक्षेचा दिवस आणि त्यानंतर

उत्तरपत्रिका ओएमआर, म्हणजे यंत्राने तपासली जाणारी असते आणि निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने गोल रंगवायचे असतात. एक मुलगा १७ वा प्रश्न सोडून पुढे गेला, पण पुढच्या उत्तरांचे गोल मात्र १७ व्या ओळीपासून रंगवत राहिला. चूक कळली तेव्हा घंटेला दहा मिनिटे उरली होती. त्यानंतर मी आमच्या मुलांना एकच सवय लावली : दर पाचव्या प्रश्नाला प्रश्नाचा क्रमांक आणि गोलाच्या ओळीचा क्रमांक बोट ठेवून जुळवायचा. सराव कोऱ्या वहीवर न घेता ओएमआरच्या झेरॉक्सवर, घड्याळ लावून, निदान सहा-सात वेळा घ्यावा. आदल्या दिवशी केंद्र पाहून यावे आणि सकाळी पोटभर पण हलके खायला द्यावे, भरीत-भाकरी परतल्यावर.

नवोदयला निवड झाली, तर दहा-अकरा वर्षांचे मूल घर सोडणार असते. नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातील विद्यालयात पाठवले जाते, हेही घरात आधी बोलावे. पहिल्या यादीत नाव नसले, तर प्रतीक्षा यादीकडे लक्ष ठेवावे आणि कागदांचा संच तयारच ठेवावा.

निवड झाली नाही, तर सहावी आणि नववीतील होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, तसेच शासकीय व अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलांसाठी असलेली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा ही पुढील दारे उघडी आहेत. शेवटच्या परीक्षेत मानसिक क्षमता आणि शालेय विषय यांचे ९०-९० प्रश्न असतात, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विशेष गती असलेली मुले ओळखून त्यांना वर्गातच अधिकचे खाद्य देण्याची जबाबदारी शिक्षकांवर टाकली आहे. म्हणून निकाल काहीही लागो, जूनमध्ये सहावीच्या वर्गशिक्षकांना भेटायला जाताना ती शंभर पानी वही बरोबर न्यावी आणि त्यांच्यासमोर उघडून ठेवावी.